बाईंची यादी मी वगळली

मी मूळचा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. दहावीनंतर क्लाससाठी लातूरला खोली करून राहिलो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना म्हणालो, "उलीसं कोरड्यास द्या." ओळीत बसलेली पोरं जेवायची थांबून हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी निमूटपणे वाटीत थोडी आमटी वाढली. त्यानंतर कोरड्यास हा शब्द मी लातुरात तोंडातून काढला नाही. दोन वर्षांत पुस्तकातल्यासारखं बोलायला शिकलो, आणि सुटीत घरी गेल्यावरही तसंच बोलायला लागलो. आई एकदा म्हणाली, "पाव्हण्यावानी बोलून राहिलास की." मला ते कौतुक वाटलं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये.

आता मी नांदेडच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. नोकरी करत करतच पीएचडीला नाव नोंदवलं होतं. विषय होता मराठवाड्याच्या बोलीचा शब्दकोश यंत्राकडून तयार करून घेण्याचा. गावोगावच्या लोकांचं बोलणं आम्ही रेकॉर्ड केलं होतं, त्यातून शब्द वेगळे काढले होते. तो शब्द शेतीचा, घरातला, नात्याचा की खाण्याचा, हे एआयच्या मॉडेलने ठरवायचं, त्याचा अर्थ लिहायचा आणि त्यावर एक वाक्य बनवायचं. माणसांना ज्याला वर्षं लागली असती, ते मॉडेलने एका आठवड्यात केलं. हजारो शब्द, प्रत्येकाखाली अर्थ, प्रत्येकाखाली वाक्य, कुठे खाडाखोड नाही. ती फाईल पहिल्यांदा उघडली तेव्हा मी कॉलेजातल्या चार जणांना बोलावून दाखवली होती.

पण ते बरोबर किती आणि चूक किती, हे सांगितल्याशिवाय त्याला संशोधन कोण म्हणणार? माझे गाईड सर संख्याशास्त्राचे. ते म्हणाले, "सगळे शब्द तपासत बसलास तर तू रिटायर होशील. आडतीवर सगळं पोतं ओतून कुणी बघत नाही. टोकदार नळी खुपसतात, मूठभर सोयाबीन काढतात, त्यावरून भाव ठरतो. फक्त नळी कुठं खुपसायची हे आपण ठरवायचं नाही. चिठ्ठी ठरवेल."

मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे चारशे शब्द निवडले. ते तिघांनी एकमेकांना न विचारता तपासायचे आणि प्रत्येकापुढे बरोबर, चूक किंवा अर्धवट असं लिहायचं. तिघांची मतं किती जुळतात, आणि त्यातलं नुसत्या योगायोगाने जुळलेलं किती, याचाही एक आकडा काढतात. तो चांगला आला तरच पुढच्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतात.

दोन जण आमच्याच विभागात एम.एस्सी. करणारे होते, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही लातूर शहरात वाढलेले. तिसरं माणूस वयस्कर आणि खेड्यातलं असावं असं सरांचं म्हणणं होतं. कुणीतरी मला देगलूरच्या एका निवृत्त बाईंचं नाव सुचवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, पहिली काही वर्षं किनवटकडे, मग देगलूरच्या आसपास. एसटीने जाऊन मी त्यांना यादी देऊन आलो. फाईल नको म्हणाल्या, कागदावर हवी. छापून घेऊन गेलो होतो, बरं झालं.

विद्यार्थ्यांची यादी दोन दिवसांत परत आली. चारशे शब्द, दोन दिवस. मुलाला विचारलं, "इतक्यात झालं?" तो म्हणाला, "हो सर. अडलं तिथं फोनवर विचारलं." कुणाला विचारलं ते मी विचारलं नाही. त्याच्या फोनमध्ये तसंच एक मॉडेल होतं, हे मला ठाऊक होतं. यंत्राने लिहिलेला अर्थ यंत्रालाच दाखवून बरोबर आहे का म्हणून विचारायचं, याला तपासणं म्हणत नाहीत. पण त्या दोघांचे शेरे एकमेकांशी छान जुळत होते, आणि जुळलेलं बघून मला हायसं वाटलं.

बाईंना तीन आठवडे लागले. मधेच त्यांनी मला बोलावून घेतलं. काही शब्दांबद्दल विचारायचं होतं. त्यांच्या ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर यादीचे कागद, उडू नयेत म्हणून त्यांवर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवलेला. चहा झाल्यावर बाईंनी चष्मा घातला.

"हे माळवं बघा सर. माळवा प्रांताशी संबंधित, असं लिहिलंय. माळवं म्हणजे भाजीपाला. ह्यात काय विचारायचं न्हाई, मी चूक लिहून टाकलं."

"बरोबर केलंत."

"पण हे कोरड्यास. कोरडी भाजी, रस नसलेला पदार्थ. आमच्याकडं भाकरीसंगं जे काय पातळ-घट्ट खातात ते कोरड्यास. आमटीबी कोरड्यासच. पण लातूरकडं येगळं असंल म्हणून विचारते. तुम्ही लातूरकडचे. तिकडं काय म्हणतात?"

समोर कागद, पेन उघडलेलं, आणि बाई माझ्याकडे बघत होत्या. फक्त खरं सांगणं एवढंच माझं काम होतं. मी म्हणालो, "आम्ही घरी भाजीच म्हणतो, बाई. तसा शब्द काही ऐकला नाही."

असं का बोललो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आता तिथं हसायला कुणी नव्हतं. मी पस्तिशीचा, नोकरीतला माणूस. तरी ते उत्तर विचार न करता आलं, जणू कुणी आत तयारच ठेवलं होतं. बाईंनी मान हलवली. "असंल. दोन जिल्ह्यांत फरक असतोच." आणि त्यांनी काहीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

तिन्ही याद्या एकत्र केल्या आणि मतं जुळण्याचा आकडा कोसळला. दोघं विद्यार्थी जवळपास सगळीकडे बरोबर म्हणत होते आणि बाई कितीतरी ठिकाणी चूक. पेपर पाठवायची मुदत आठवड्यावर आलेली. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "तिसरं माणूस बाकी दोघांशी अजिबात जुळत नाही. का ते बघ."

सर एवढंच म्हणाले. वगळ असं ते म्हणाले नव्हते, हे मला स्पष्ट आठवतं. पण वगळण्याची सोय पद्धतीत असते. एखाद्याला सूचनाच कळल्या नसतील, तो वाटेल तसे शेरे देत असेल, तर त्याची नोंद काढून टाकता येते, फक्त कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: "ज्येष्ठ परीक्षकास वर्गीकरणाच्या सूचना पुरेशा स्पष्ट झाल्या नसाव्यात." बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईंबद्दल मी हे लिहिलं. त्यांची यादी एका खाकी पाकिटात घातली आणि कपाटात ठेवली. आकडा चांगला आला. सरांना सांगितलं की सूचनांचा घोटाळा होता. सरांनी विश्वास ठेवला.

पेपर स्वीकारला गेला. मग कॉलेजने शब्दकोशातल्या सोप्या शब्दांची एक छोटी पुस्तिका शाळांसाठी छापायची ठरवली. पहिल्या पानावर तपासणाऱ्यांची नावं हवी होती. दोन विद्यार्थ्यांच्या नावाने शाळेतल्या शिक्षकांना काय वाटणार? मी बाईंचं नाव दिलं, नावापुढे निवृत्त शिक्षिका असं लिहून. त्यांना न विचारता. त्यांना आनंदच होईल, असं मी स्वतःला सांगितलं. एक प्रत पोस्टाने पाठवलीसुद्धा.

पुस्तिका ज्या शाळांत गेल्या त्यांत किनवट तालुक्यातली मुलींची एक आश्रमशाळा होती. तीन-चार महिन्यांनी शिक्षकांचे अभिप्राय गोळा करायला मी रेल्वेने किनवटला गेलो. शाळा गावापासून आत, सागाच्या झाडांच्या कडेला. मराठी शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या. माझा फॉर्म त्यांनी न बघताच बाजूला ठेवला.

"सर, एक सांगायचं होतं. रागावू नका."

"सांगा ना."

"सावडणे हा शब्द आहे तुमच्या पुस्तिकेत. अर्थ दिलाय, गोळा करून नीट आवरणे. वाक्य दिलंय, ताईने खोली सावडली."

मला ते वाक्य आठवत होतं. आमच्याकडे सावडायला जाणं म्हणजे अग्नी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी राख आणि अस्थी गोळा करायला जाणं. मॉडेलने कुठल्यातरी जुन्या कोशातला गोळा करणे हा अर्थ उचलला असावा आणि त्यावर स्वतःचं वाक्य बेतलं असावं.

मॅडम सांगत होत्या, "सातवीतल्या एका मुलीने तो शब्द पाठ केला. जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकाच्या मावशींना म्हणाली, मावशी, आम्ही जागा सावडू का? मावशींचे दीर वारून आठ दिवस झाले नव्हते. त्यांनी हातातली पळी खाली टाकली आणि मागच्या दारी जाऊन बसल्या. दुसऱ्या मावशी पोरीला फार बोलल्या. ती रडत माझ्याकडे आली, पुस्तिका घेऊन. म्हणाली, बघा मॅडम, इथं लिहिलंय."

मी बॅगेतली पुस्तिका काढून ते पान उघडलं.

"आमच्या मुलींच्या घरी मराठी नाही सर. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या कोलामी, कुणाच्या बंजाऱ्यांची गोरमाटी. हे चुकलंय असं त्यांना सांगणारं घरी कुणी नसतं. पुस्तकात जे असेल ते खरं."

मग त्या म्हणाल्या, "मी देगलूरला बाईंना फोन केला. मी मूळची तिकडचीच, त्या माझ्या चौथीच्या बाई. त्यांचं नाव बघून मीच ही पुस्तिका वर्गात लावली होती. विचारलं, बाई, हे तुमच्या कसं लक्षात आलं नाही? बाई म्हणाल्या, सुटलं असंल माझ्या नजरेतून. वय झालं आता, त्या पोरीला माझ्यावतीनं सांग की बाईची चूक झाली."

त्या खोलीत एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो होतो. बाहेर मुली कसलीशी कविता म्हणत होत्या. मला तेव्हाच सांगता आलं असतं की बाईंची चूक नव्हती. मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू," आणि फॉर्म सही करून मागितला. मॅडमनी सही केली. स्टेशनपर्यंत मी चालत गेलो, ऑटो मिळत असूनही.

नांदेडला आल्यावर कपाटातलं खाकी पाकीट काढलं. खरं सांगायचं तर बाईंची यादी मी तोपर्यंत नीट वाचलीच नव्हती. फक्त बरोबर-चूकचे शेरे संगणकात भरून घेतले होते. प्रत्येक शब्दापुढे निळ्या शाईत एक-दोन ओळी होत्या. सावडणे या शब्दापुढे लिहिलं होतं: "चूक. हा शब्द मयताच्या तिसऱ्या दिवसाचा. लहान मुलांच्या पुस्तकात घ्यायचा असेल तर नीट समजावून घ्यावा." कोरड्यासपुढे आधी चूक लिहून, मग ते खोडून अर्धवट केलं होतं. खाली ओळ होती: "सर लातूरचे आहेत. त्यांनी ऐकला नाही म्हणतात. माझंही चुकत असेल."

म्हणजे त्यांच्या यादीत जी एक खरी चूक होती, ती मी घालायला लावली होती.

त्यानंतरचे काही दिवस कामाचे होते. बाईंची यादी धरून पुन्हा हिशेब मांडला. शिवाय आमच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या बायकांपुढे बसून तेच चारशे शब्द एकेक करून वाचले. फोन नाही, कागद नाही, मी वाचायचो आणि त्या सांगायच्या. त्यांचं आणि बाईंचं जुळलं. शब्दकोशाची अचूकता पेपरात छापली होती त्याच्या कितीतरी खाली होती. घरातले आणि खाण्याचे साधे शब्दच सगळ्यात जास्त चुकलेले.

सगळं घेऊन सरांकडे गेलो. बाईंनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो, तेही सांगितलं. सर बराच वेळ कागद चाळत राहिले.

"मी तुला का ते बघ म्हणालो होतो."

"हो सर."

"तू का ते बघितलं नाहीस. कारण लिहिलंस."

"हो सर."

"पेपर मागे घ्यायला लागेल. त्यावर माझंही नाव आहे." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिलं, पेपर मागे घेतला. माझा प्रबंध लांबला. विभागात बातमी पसरली आणि काही दिवस मी डबा माझ्या केबिनमध्येच खाल्ला. पुस्तिका परत मागवल्या, निम्म्या आल्या.

देगलूरला जायला मात्र मी पंधरा दिवस लावले. दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलो. शेवटी गेलो तेव्हा बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे माझा कागद काढून टाकला."

"हाव बाई." अचानक माझ्या तोंडून तसं गावाकडचं आलं.

"आणि नाव ठेवलं."

"हाव."

"न विचारता नाव घातलं, ते एक येळ समजून घेईन. पण कागद न्हाई आणि नाव हाय, हे कसं काय सर? मला वाटलं, खरंच माझ्याच नजरेतून सुटलं. आठ दिवस मी ते शब्द आठवत बसले. सुनेला म्हणलं, मला आता कुणी तपासायला काय देऊ नका, मला जमून न्हाई राहिलं."

मी माफी मागितली. दुसरं काय बोलणार होतो? त्यांनी उरलेल्या मिरच्या पसरल्या. मग विचारलं, "त्या पोरींना सांगितलं का?"

"पुस्तिका परत मागवल्यात."

"परत मागवणं येगळं. सांगणं येगळं. माझी चूक झाली म्हणून मी त्या पोरीला निरोप दिलाय. तो निरोप तिथं तसाच हाय."

चहा त्यांनी विचारला, मी घेतला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ओसरीवर सतरंजी टाकून बसवण्याची जवळीकही उरली नव्हती.

त्याच आठवड्यात किनवटला गेलो. मॅडमनी सातवीचा वर्ग मिळवून दिला. मी फळ्यापुढे उभा राहिलो. फळ्यावर सावडणे हा शब्द लिहिला. सांगितलं की सावडणेचा अर्थ आमच्या पुस्तकात चुकीचा होता. यंत्राने तो चुकीचा लिहिला होता, देगलूरच्या बाईंनी चूक म्हणून दाखवला होता, आणि मी त्यांचं ऐकलं नाही. बाईंची चूक नव्हती, माझी होती. मग त्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला. जिने मावशींना विचारलं होतं ती मुलगी कोणती, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, मग बाकीचे शब्द बरोबर आहेत का?"

"काही आहेत. काही नाहीत."

"कोणते नाहीत?"

"ते आम्ही आता बघतोय."

ती खाली बसली. पुस्तिका त्यांनी खाकी कव्हर घालून, नाव लिहून जपल्या होत्या. त्या गोळा करून मॅडमनी माझ्या हातात दिल्या तेव्हा एक-दोघी पाहत होत्या. नवीन पुस्तक कधी देणार, असं कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मावशींनाही भेटलो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब, लेकरू होतं." त्यांना वाटलं मी त्या मुलीसाठी माफी मागायला आलोय. मी पुन्हा समजावून सांगितलं, तरी त्या तेच म्हणाल्या.

आता काम वेगळ्या रीतीने चालतं. मॉडेल अजूनही अर्थ लिहितं, पण प्रत्येक शब्द बोलणाऱ्या माणसापुढे वाचून दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. फार हळू चालतं. बाईंना पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नव्हती, सरांनी फोन केला होता. बाई त्यांच्याशी नीट बोलल्या आणि नको म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात देगलूरच्या बसस्टँडवर त्या दिसल्या. हातात पिशवी, सोबत सून. मी जाऊन नमस्कार केला. "बरं हाय ना? आई कशी हाय?" त्यांनी विचारलं. आई बरी आहे म्हणालो. मग कामाचं सांगायला लागलो, की आता कसं करतो, किती शब्द झाले. त्या ऐकत होत्या, पण नजर फलाटाकडे होती. तेवढ्यात उदगीरची गाडी लागली. सुनेने पिशवी घेतली. बाई म्हणाल्या, "येते सर," आणि गर्दीतून पुढे झाल्या. गाडी हलेपर्यंत मी उभा होतो. त्या पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या होत्या.